मौनाचा नवस आणि इंदापूरची गाडी

आमचे हे बारामती-इंदापूर गाडीवर कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी त्या एकाच रस्त्यावर काढली. आवाज असा की पिंपळीच्या फाट्यावर गाडी थांबली की आमच्या घरात कळायचं. घरातही त्याच आवाजात पाणी मागायचे. "अहो, हितं प्याशिंजर कोण न्हाय, जरा हळू बोला," असं मी पुष्कळदा म्हणायचे. तो आवाज एका सकाळी बंद पडला. दाढी करता करता उजवा हात खाली आला, तोंड वाकडं झालं आणि जीभ उचलेना. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा काठी धरून चार पावलं टाकत होते, समोरच्याचं सगळं कळत होतं, पण तोंडातून एक अक्षर फुटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "वाचा येईलही, नाहीही. त्यांच्याशी बोलत राहा." डॉक्टर लोक काहीतरी सांगायचं म्हणून असं सांगतात, असं मला वाटलं, आणि मी देवाकडे वळले.

मोरगावचा गणपती हा माझ्या माहेरचा भक्तीचा देव. नवसाला आपली आवडती गोष्ट सोडावी असं आमच्याकडे मानतात. कुणी चहा सोडतं, कुणी पायातल्या चपला. मी गावात बडबडी म्हणून ओळखली जायचे, तेव्हा सोडण्यासारखं माझ्याकडे बोलण्याइतकं दुसरं काहीच नव्हतं. हे बोलू लागेपर्यंत रोज सकाळी पूजा आटपेतो तोंडातून शब्द काढायचा नाही आणि दर चतुर्थीला मोरगावला दर्शन होईतो मौन पाळायचं, असा मी नवस बोलले. माझी वाचा घे आणि यांची दे, इतका सरळ सौदा होता तो.

त्या मौनानं घर मात्र जड झालं. म्हशीची धार, यांना उठवून बसवणं, तोंड धुणं, बशीतून चहा, उजव्या हातापायाला तेल, आंघोळ, कपडे, औषध. यांना कूस बदलायला सांगायचं तरी खांद्याला हात लावून खूण करायची. महिने गेले, फरक पडेना. मला वाटलं आपला नवसच कमी पडतोय, म्हणून अथर्वशीर्षाची आवर्तनं वाढवली, तीही ओठ न हलवता, मनातल्या मनात. पूजा लांबत लांबत जेवणवेळेपर्यंत गेली. मौन सुटायच्या वेळी स्वयंपाक आणि धुणं अंगावर आलेलं असायचं, मग बोलायचं त्राणच उरायचं नाही. हे खाटेवरून माझ्याकडे नुसते बघत राहायचे. धाकटी जाऊ शेजारीच राहते. ती एकदा म्हणाली, "अक्का, तुमी धुणं असं आपटताय जणू त्याच्यावर राग हाय." राग होताच, कुणावर ते कळत नव्हतं. एकदा तर तेल चोळता चोळता मनात आलं, यांना इंदापूरला नणंदेकडे नेऊन ठेवावं आणि आपण दार लावून निजावं. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण सकाळ होती.

त्या महिन्याच्या चतुर्थीला जावेला यांच्यापाशी बसवलं आणि बारामतीहून मोरगावची गाडी धरली. पिशवीत नारळ, जास्वंद आणि आदल्या संध्याकाळी पाटाच्या कडेनं खुडलेल्या दुर्वांची जुडी. दर्शनाला गर्दी होती, म्हणून पिशवी शेजारी ठेवून लिंबाखाली टेकले. तिथं एक म्हातारी बसली होती आणि तिच्याजवळ दोरीला बांधलेली काळी शेळी. म्हातारी एकसारखी बोलत होती, पण माझ्याशी नव्हे, शेळीशी. "बस की गं जरा. ऊन बघ किती चढलंय. मी तंबाखू मळते, मग जाऊ पाण्याव." शेळी कान हलवत होती. खोटं कशाला सांगू, मला त्या शेळीचा हेवा वाटला.

ऐकता ऐकता माझा डोळा लागला. जागी झाले ती पिशवीतल्या खुडबुडीनं. शेळीचं तोंड पिशवीत होतं आणि जुडीचा दोरा तेवढा तिच्या ओठाला लोंबत होता. "अगं ए, दुर्वा! देवाच्या दुर्वा हायत त्या!" मी ओरडले. रांगेतली माणसं वळून बघू लागली, तेव्हा कळलं की आपण बोललो. दर्शन अजून व्हायचं होतं. इतक्या महिन्यांचा नवस देवाच्या दारात एका शेळीपायी मोडला होता. मला रडू कोसळलं.

म्हातारीनं शेळीला चापट मारली आणि माझ्याजवळ सरकली. "रडतीस कशापायी? दुर्वाच हायत, आणू की दुसऱ्या." नवस मोडलाच होता, आता काय राखायचं म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक बोलंना म्हणून तू बी बोलायची बंद झालीस व्हय?"

"देवासाठी," मी म्हटलं.

तिनं देवळाकडे हात केला. "त्याचं कान केवढं हायत, सुपाएवढं. एवढं कान घेऊन त्यो ऐकायलाच बसलाय की. त्याच्यापुढं गप बसून काय हुतंय? आमी मेंढरामागं हिंडायचो तवा माळाला दुसरं माणूस नसायचं. मी चुलीसंगं बोलायची, तव्यासंगं बोलायची. काम कवा सरलं कळायचं न्हाय."

मग शेळीची दोरी माझ्या हातात देऊन ती उठली आणि कुठून तरी दुर्वा घेऊन आली. दोरी परत घेतली आणि शेळीला बोल लावत निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या चतुर्थ्यांना मी त्या लिंबाखाली पाहिलं, पण ती पुन्हा दिसली नाही. ती कोण होती याचा मी फार विचार करत नाही. म्हातारी होती आणि शेळी होती, दोघींनाही मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. गाभाऱ्यात दुर्वा वाहिल्या आणि देवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्याच्यानं नवस झाला न्हाय. आता तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटे यांना उठवून बसवलं आणि बोलायला तोंड उघडलं, तर काय बोलावं तेच सुचेना. इतक्या महिन्यांत सवय मोडली होती. समोर खुंटीला यांचा खाकी शर्ट होता. तो बघून मी म्हटलं, "चला, बारामती सुटली. पिंपळी आली, पिंपळीवाले तोंड धुवा." यांच्या डाव्या ओठाची कड हलली. ते हसले होते.

मग तोच आमचा नेम झाला, यांच्या गाडीचा एकेक थांबा म्हणजे एकेक काम. तोंड धुणं म्हणजे पिंपळी, चहा लिमटेक, तेल भवानीनगर, आंघोळ सणसर, कपडे लासुर्णे. जंक्शन म्हणजे पूजा, पण आता तिथं गाडी फार वेळ खोळंबायची नाही. अथर्वशीर्षाचं एकच आवर्तन, तेही यांच्या खाटेपाशी, मोठ्यानं. मग अंथुर्णे म्हणजे भाकरी, निमगाव म्हणजे औषध आणि दुपारची झोप इंदापूर. म्हशीच्या धारेला मी विनंती थांबा म्हणायचे, कारण तिची मर्जी असेल तरच दूध मिळायचं. कामं तीच होती, एकही कमी झालं नव्हतं. पण पहाटे डोळे उघडले की छातीवर धोंडा बसायचा, तो बसेनासा झाला. उलट गाडी सुटायची आहे म्हणून मी लगबगीनं उठायचे. जाऊ म्हणाली, "अक्का, तुमी तर घरात डेपोच काढला."

रस्त्यावर उसाच्या गाड्या लागल्या होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. जावेला ताप आला म्हणून दोन्ही घरांचं काम माझ्याकडे होतं. पूजा उरकली, पण भाकरी अजून तव्यावर होती. आधी औषध देऊन टाकावं म्हणून गोळी आणि पाणी घेऊन गेले. "चला, जंक्शन सुटलं, निमगाव आलं. निमगाववाले उतरा." यांनी तोंड उघडलं नाही. गोळी ओठाशी नेली तर डाव्या हातानं माझं मनगट धरलं. कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मला वाटलं घशात काही अडकलं. मग आवाज आला, घोगरा आणि फाटका, पण त्यांचाच.

"अंथुर्णे."

मी थांबा चुकवला होता. "व्हय, अंथुर्णे ऱ्हायलं," एवढंच मी म्हटलं आणि भाकरी आणायला गेले. ती खालून करपली होती. त्यांनी तशीच खाल्ली. मग मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

पुढं शब्द हळूहळू येत गेले, सगळे आले नाहीत. गाडीवर ते परत गेले नाहीत. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तुटक तुटक सांगितलं की सकाळी मी नुसत्या खुणा करायचे तेव्हा त्यांना वाटायचं, मी त्यांना कंटाळले. डॉक्टरांचं म्हणणं, वर्षानुवर्षं तोंडी बसलेलं असं आधी परत येतं. तसंही असेल. मी वाद घालत नाही. मी देवाला माझं बोलणं देऊ केलं होतं आणि त्यानं ते घेतलं नाही, याबद्दल मात्र मी त्याची जन्मभर ऋणी आहे. त्याला काय हवं ते आपणच ठरवायचं आणि वर हिशेब मागायचा, हे मी तेव्हापासून सोडलं.

अंथुर्णे ऐकलं त्या दिवशी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. इतके महिने त्या जागी उभी राहून मी रोज एकच मागणं मागत आले होते. त्या संध्याकाळी हात जोडले आणि मागायचं काही आठवेना. मग मी तिथंच पाटावर बसले आणि दिवसभरात काय काय झालं ते देवाला सांगत राहिले.