लावलेलं दिसू नये

नवरा चांगला निघाला, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर सगळं ऐकून झाल्यावर बायका हटकून विचारतात, "मग रडतेस कशाला गो? झाला ना संसार सुखाचा?" झाला. संसारावर माझा राग नाहीच मुळी. राग आहे तो दोन बायकांवर, आणि दोघी माझ्याच घरातल्या होत्या.

मी काळी. सावळी, निमगोरी, उजळ सावळी हे शब्द लग्न जुळवणाऱ्यांचे. मी सरळ काळी होते, आणि आमच्या कापडे गावच्या खाचरांत दर पावसाळ्यात भात लावून आणखी रापले होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं. भाताला वाटत नव्हतं, गुरांना वाटत नव्हतं. वाटायचं ते फक्त बघायला येणाऱ्यांना.

पहिलं स्थळ आलं ते गूळपाणी पिऊन उठलं आणि पुन्हा निरोप नाही. दुसऱ्या वेळी आईने शहाणपणा केला. मला चुलीमागे बसवून तोंडाला तांदळाचं पीठ चोळलं. भाकरीचंच पीठ, घरात दुसरं होतं काय? मुलाची आत्या बेरकी होती. मला जवळ बसवून घेतलं, लाडाने हनुवटी धरली, आणि पदराचं टोक थुंकीने भिजवून गालावरून खसकन ओढलं. पदर पांढरा, गाल काळा. "बाय माझी," ती ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोर दाखवायला आणलीव का थापून भाजायला?" ओटीवरचे पुरुष हसले. आमच्याकडचेसुद्धा हसले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेव्हा मला अठरावं लागलं होतं. त्या काळात म्हणजे घोडनवरी. वडील नव्हते. चुलता आंबेनळीकडच्या एका बिजवराचं स्थळ धरून बसला होता. त्या बिजवराला माझ्या वयाची मुलगी होती, आणि पहिली बायको कशाने गेली ते कोणी सांगत नव्हतं. चुलता म्हणाला, "आणखी एकदा बघू. नाय जमलं तर तिथं देऊन मोकळं होऊ." मी रात्रंदिवस देवाला एकच सांगत होते, मला तिथं नको.

त्या शिमग्याला वहिनी आली. वहिनी म्हणजे ह्या चुलत्याच्या थोरल्या मुलाची बायको. माहेर वरंधचं, पण नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून तिचा सगळा संसार चाळीतल्या खोलीत. आमचं घर एक, चुली दोन. ती आली की मी माझ्या चुलीवरून तिच्या चुलीवर जायची. मला सख्खी बहीण नव्हती. जे काही मनातलं बोलायचं ते मी वहिनीशीच बोलले, अगदी आईशीही न बोललेलं. पिठाची गोष्ट ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग मला मिठी मारून म्हणाली, "रडू नको गो. तुला बिजवराला देऊ देईन होय मी? माझ्या मावशीचा मुलगा हाय, मुंबईलाच असतो, आता शिमग्याला वरंधला आलाय. कामाला वाघ. मी जुळवते."

मी तिच्या पाया पडले. खरंच पडले.

तिने ट्रंकेतून पावडरचा डबा आणि तोंडाला चोळायच्या स्नोची बाटली काढली. मी घाबरले. आमच्याकडे पावडर लावणारी म्हणजे तमाशातली. कळलं असतं तर बिजवरानेही नको म्हटलं असतं. वहिनी म्हणाली, "लावलेली कळली तर ती पावडर कसली? मुंबईच्या शेटाण्या लावतात, त्यांच्या नवऱ्यांना पत्ता नसतो."

आठवडाभर दुपारी माजघराचं दार लोटून आमचा अभ्यास चालला. ती पावडर नुसती लावायचीच नाही. पांढऱ्या पावडरीत चिमूट हळद, आणि तुळशीवृंदावनाला लावतो ती गेरू नखभर. माझ्या मनगटावर घासून बघायची, डोकं हलवायची, पुन्हा थोडी गेरू. "गोरी नाय करायची तुला," ती म्हणायची, "तुझाच रंग, पण सावलीत बसलेला." डाळीच्या पिठाने तोंड धुवायचं, पुसून कोरडं करायचं, कपाळावरचं तेल टिपायचं. स्नो एवढीशी, की बोटाला लागली असं वाटूच नये. मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात पावडरची पुरचुंडी बांधून ती टेकवायची. घासायची नाही, टेकवायची. शेवटी ओला पंचा पिळून घट्ट दाबून धरायचा, म्हणजे वरची उडते आणि मुरलेली राहते. काजळ घालून लगेच पुसायचं, कालचं उरलंय असं वाटलं पाहिजे. आणि मान! "मान विसरलीस की मेलीस," ती म्हणायची. कान, कानामागे, पायांचे घोटेसुद्धा. मी एकदा आरशात बघून म्हटलं, "वयनी, आता छान दिसतंय." तर तिने सगळं धुवायला लावलं. "छान दिसलं म्हणजे जास्ती झालं. गाईखालून उठून आलीस असं वाटलं पाहिजे."

मध्ये ती दोन दिवस माहेरी वरंधला जाऊन आली. डबा बरोबर नेला. मला वाटलं, आई-मावशीला मुंबईची चीज दाखवायला नेला असेल. मी वेडी.

चैत्रात ते बघायला आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मी गुळाचा खडा आणि पाणी घेऊन गेले तेव्हा मला तोंडाची काळजी नव्हती. सासूने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता पदर भिजवणार. तिने भिजवला नाही. दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवून अलाबला घेतली, कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी तिच्या तळव्यांकडे चोरून बघितलं. स्वच्छ! मला वहिनीच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मुलाकडे मी एकदाच वर बघितलं. नाक सरळ, मिशी कातरलेली, डोळे गरीब. माझ्या मनात आलं, ह्या साध्या माणसाला आपण फसवतोय. लग्न ठरल्यावर कितीतरी दिवस मला ते डाचत होतं. वहिनीला म्हटलं तर ती म्हणाली, "फसवणूक कसली गो त्यात? सगळेच थोडंथोडं लावतात."

वैशाखात आमच्याच दारात लग्न लागलं. जेवणं झाल्यावर मांडवात नवरानवरीचे खेळ सुरू झाले. सुपारी सोडवली, विडा तोडला, आणि मग गुळण्या. आमच्याकडे नवरानवरी तोंडात पाणी भरून एकमेकांवर फवारतात, ज्याने तोंड चुकवलं तो हरला. बायका ओरडत होत्या, "भिजव गो त्याला, पुढं तोच भिजवायचा हाय तुला!" मला हसू आवरेना. मी तोंडभर पाणी घेतलं आणि सगळं त्याच्या तोंडावर सोडलं.

त्याने तोंड चुकवलं नाही. हसत समोर बसून राहिला.

पाणी ओघळलं तसा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंतचा रंग ओघळला. हळद, गेरू आणि पावडर. मला तो रंग ओळखायला पळभरसुद्धा लागला नाही, तो माझ्याच डब्यातला होता. खाली पांढरंफटक कोड.

आमच्याकडच्या बायका एकदम गप्प झाल्या. त्याच्याकडच्या आधीपासूनच गप्प होत्या, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी मागे सरकले. मुद्दाम नाही, अंगच मागे गेलं. आणि त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलेलं मला दिसलं. वहिनी पुढे झाली, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि मोठ्याने म्हणाली, "चला, झाला खेळ, आता निघायची तयारी करा."

लुगडं बदलायला म्हणून ती मला माजघरात घेऊन आली. मी दार लावलं आणि तिचा हात धरला.

"वयनी, हे काय केलंस गो?"

"काय केलं? कोड हाय. लागत नाय ते कोणाला. मुंबईच्या डाक्तरने सांगितलंय."

"मला सांगायचं होतंस!"

"तू सांगितलंस त्याला, तू काळी हायस ते?" ती माझ्या निऱ्या घालता घालता म्हणाली. हात थांबला नाही तिचा. "त्याला कोण पोर देत नव्हतं, तुला कोण करून घेत नव्हतं. मी दोन्ही घरं सांधली. पाया पड माझ्या."

"काळेपण आणि कोड एकच होय?"

"ओरड. मांडवात जाऊन ओरड. मग लोकं विचारतील, तू कशी गो ओळखलीस पावडर? काय सांगशील?"

म्हणजे त्या आठवडाभराच्या दुपारी, ती पुरचुंडी, ती मिठी, ह्या सगळ्याने तिने माझं तोंड रंगवलं नव्हतं, बांधून टाकलं होतं. मला तिचा हात पिरगाळावासा वाटला. पण मी गप्प बसले, आणि खरं सांगते, वहिनीला भिऊन नाही बसले. आईसाठी बसले. खेळ चालले होते तेव्हा आई आत ओटीचे तांदूळ काढत होती, तिने काही बघितलं नव्हतं. बिचारीने माझ्यापायी किती उंबरे झिजवले होते. तिला हे कळलं तर ती मोडून पडेल, असं मला वाटलं. निरोप घेताना मी तिच्या गळ्यात पडले तेव्हा हुंदकासुद्धा दाबून ठेवला, उगाच शंका नको म्हणून.

बैलगाडीने सासरी निघालो. दुसऱ्या दिवशी महाडला सावित्रीच्या काठी बैल सोडले. वऱ्हाड झाडाखाली भाकरी खायला बसलं. मी पाण्याकडे गेले, तर तोही मागून आला आणि जरा लांबच उभा राहिला. तोंड धुतलेलं होतं. पुन्हा काही लावलं नव्हतं.

"काल तू मागं का सरलीस?" त्याने विचारलं. "तुला ठाऊक होतं ना?"

"मला कोण सांगणार?" मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

तो दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "मी तर सांगितलं होतं. बघायला आलो त्या दिवशी. चारचौघांसमोर नको म्हणून आयनं लावायला लावलं, पण मला पटत नव्हतं. निघताना परसात हात धुवायला गेलो, तुझी आई पाणी घालत होती. तिच्यासमोर तोंड धुतलं. म्हटलं, हे असं हाय, पोरीला सांगा. ती हो म्हणाली तरच सुपारी फोडा. मग तुझ्या वहिनीनं निरोप आणला, पोर हो म्हणाली." त्याने नदीकडे बघितलं. "मी खूश होतो गो. म्हटलं, सगळं ठाऊक असून कोणीतरी हो म्हणालं."

मला पायाखालची वाळू सरकल्यासारखं झालं. वहिनीबद्दल नव्हे, तिचं मला कालच कळलं होतं. आई. मी जिच्यासाठी रात्रभर ओठ आवळून गाडीत बसले होते, ती आई.

"परत जायचं असंल तर मी स्वतः नेऊन पोचवतो," तो म्हणाला. "दोष माझ्यावर घेतो."

एवढं मला सबंध आयुष्यात त्याच्याआधी कोणी विचारलं नव्हतं. पण परत कुठे जाऊ? ज्या दारात जायचं, त्या दारातूनच मला काढून दिलं होतं. मी म्हटलं, "चला, भाकरी खाऊन घ्या."

लग्नानंतर पहिल्यांदा, पाचपरतावनाला, माहेरी गेले. आईने घावन केले होते, नारळाचा रस काढला होता. माझी ताटली भरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, तेव्हाच मला समजलं की तो खरं बोलला होता. वहिनी तोवर मुंबईला निघून गेली होती. आम्ही दोघीच होतो.

मी विचारलं, "आये, तुला ठाऊक होतं ना गो?"

 तिने पुढचा घावन तव्यावर घातला, कडा सोडवल्या, उलटला.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू नाय म्हटलं असतंस."

बरोबर बोलली. म्हटलं असतं. मग कदाचित बिजवराच्या घरी गेले असते आणि तिथं मेले असते, तेही खरं. पण दोन घरांनी मला बसवून, बघून, पदराने पुसून नाही म्हटलं होतं. मला नाही म्हणायची पाळी उभ्या जन्मात एकदाच आली होती. ती आली कधी आणि गेली कधी, हेसुद्धा त्यांनी मला कळू दिलं नाही.