लेकीच्या गावचं पाणी

निजामाच्या अमलात कचेरीला जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी असे. त्या दिवशी सकाळी मी बीडच्या वेशीतून बाहेर पडे आणि बिंदुसरेच्या काठाने वर चालू लागे. वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यात माझी मुलगी दिलेली होती. आधी धोब्यांचे दगड लागत, मग वाळूतल्या खरबुजांच्या वाड्या. पुढे बीडचे मिनार दिसेनासे होत आणि पाण्यावर उतरलेली धनगरांची मेंढरं तेवढी दिसत. ती वाट मला फार आवडे.

बरोबर पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या असे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरच्या गावचं पाणी पीत नाही, अशी आमच्याकडची रीत. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तांब्या वाटेतच रिकामा होई, तरी मी तिथे थेंब घेत नसे. खरं सांगायचं तर कोरड्या तोंडाने परतण्यात मला अभिमान वाटे. रीत सांभाळणारा माणूस म्हणून त्या गावात माझं नाव झालं होतं आणि ते मला गोड लागत होतं. हे लिहिताना लाज वाटते.

एका उन्हाळ्यात, असाच ओसरीवर बसलो असताना, व्याही हसत म्हणाले, "ही नदी आमच्या शिवारातूनच तुमच्या बीडला जाती. रोज आमचंच पाणी पिता की, व्याही."

"तिथं आलं की ते निजामाचं होतं," मी म्हणालो. सगळे हसले. दारात उभी असलेली मुलगी मात्र हसली नाही.

निघालो तेव्हा ती घागर घेऊन नदीपर्यंत आली. वाळूत उकरलेल्या झिऱ्याशी बसली आणि करवंटीने घागर भरता भरता म्हणाली, "आप्पा, तुमी येऊन गेला की बायका म्हणत्यात, बीडवाला आजबी कोरडाच गेला. मग दोन दिस माझ्या पोटाकडं बघत्यात."

माझ्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी खाली बसलो आणि ओंजळ पुढे केली.

तिने करवंटी मागे घेतली. "आता पेलात तर म्हणतील, बापानंबी आशा सोडली."

ओंजळ तशीच पुढे होती. गावाकडून दोघी जणी डोक्यावर घागरी घेऊन उतरत होत्या.

"सोडली का तुमी?" तिने हळूच विचारलं.

"न्हाई. पण तुझ्या हातचं पाणी पिण्यासाठी मी कशाची वाट बघत होतो, ते आता मलाच कळंना."

तिने त्या बायकांकडे एकदा पाहिलं आणि ओतायला सुरुवात केली. त्या अगदी जवळ येऊन थांबल्या. मी घाई केली नाही. पोटभर प्यालो. पाणी कोपरांवरून वाळूत गळत होतं.

तोंड पुसून मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पुढच्या जुम्म्याला जेवायलाच येतो."

मुलीने करवंटी पुन्हा झिऱ्यात बुडवली. मान वर न करता म्हणाली, "भाकरी मऊ लागती का कडक, तेवढं सांगून जा. मी इसरले."