मोबाईलमधला बाबा
डांबरगोळ्यांचा वास आला, की कुणकेश्वरच्या सभेत मिळालेली शाल आठवते. अज्ञात समुद्र ओलांडणाऱ्या थोर प्रवाशांवर मी तासभर बोललो होतो. माझी ओळख करून देणारे त्याहून जास्त बोलले. खुर्च्या रिकाम्या झाल्यावर कडेवर लहान मुलगी घेतलेली एक बाई पुढे आली. मुलगी रांगायच्या आधीच नवरा बोटीवर गेला होता, आणि परवा घरी येणार होता. “बाबा खंय आसा गो?” तिने मुलीला विचारलं. मुलीने आईच्या मोबाईलवर बोट ठेवलं. “सर, तुमचे ते प्रवासी परत इले, तेव्हा पोरांनी तेंका वळाखल्यानी काय?” “ओळखलं,” मी ठामपणे सांगितलं; भाषणातला ठामपणा थोडा उरला होता. ती मुलगी आता शाळेत जात असेल. मी अजून त्या थोरांची चरित्रं चाळतो. जहाजावर बकऱ्या किती होत्या ते सापडतं, मुलांनी ओळखल्याचं कुठेच नाही.