तीन मिनिटं सगळ्यांना

भोंग्याला मी वीसेक वर्षं ओळखते, आणि त्यातली निम्मी आम्ही भांडण्यात घालवली. तो नगर सभागृहातला माइकवाला. आवाज बारीक, म्हणून नाव भोंगा. सभागृहाची किल्ली त्याच्या कमरेला असते. ती साहेबांच्या शब्दावर मिळालेली, आणि त्याची चूल त्या किल्लीवर पेटते हे सगळ्यांना ठाऊक. साहेब म्हणजे आमचे खासदार, सलग पाचव्यांदा.

त्या दुपारी तिथं संसदेच्या समितीची जनसुनावणी होती. खासदाराला दोनच वेळा निवडून येता यावं, असा कायदा करावा की नाही? प्रत्येकाला तीन मिनिटं. मग टेबलावरचा लाल दिवा लागणार आणि भोंगा माइक बंद करणार. नियम समितीचा, हात भोंग्याचा. मी कायदा हवा म्हणणाऱ्यांतली; मला त्यानं वाक्याच्या मध्येच कापलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंना तर "माझ्या वॉर्डात" एवढ्यावरच. मी डोळे वटारले, तर हा आवाजाच्या मिक्सरकडे बघत बसला.

मग साहेब उभे राहिले. "नव्या माणसाला फाइल कुठं अडते हे कळायलाच पाच वर्षं जातात. तोवर राज्य कोणाचं? अधिकाऱ्यांचं." मुद्दा फालतू नव्हता, एवढं मान्य करते.

लाल दिवा लागला. साहेब बोलतच होते. त्यांचा पीए मिक्सरपाशी येऊन उभा राहिला. मी शेजारच्याच खुर्चीत होते.

"बटणावरचा हात काढ."

"दिवा लागलाय."

"दिवा दिसतो, साहेब दिसत नाहीत?"

"नर्सबाईंना कापलं मी. त्यांना काय सांगू?"

"बायकोला काय सांगशील ते बघ आधी."

भोंग्याच्या मानेवर घाम आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं असतं तर 'बंद कर' म्हटलं असतं की 'नको', देव जाणे. चूल त्याची होती. त्यानं पाहिलंच नाही. बटण हळूच खाली सरकवलं, खट्ट आवाज होऊ नये म्हणून, नेहमीसारखं.

साहेबांचे ओठ हलत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, ऐकू येत नाही." ते घसा ताणून बोलायला गेले. आवाज पहिल्या रांगेपुढे जाईना. पाच निवडणुका भोंग्यानं मोठा केलेला तो आवाज, साहेबांना स्वतःचाच वाटत आला होता.

पीएनं हात पुढे केला. "किल्ली."

भोंग्यानं ती काढून दिली आणि वायरी उपसायला लागला. "मिक्सर माझा आहे."

माझं डोकंच फिरलं. "अरे बाबा, आमची माणसं बोलायची राहिलीत अजून."

"मग घसा ताणा ना, ताई. मला झापताना कुठं माइक लागतो तुम्हाला?" पण त्याच्या हातून वायरीचं वेटोळं दोनदा सुटलं.

नर्सबाई खुर्चीवर चढल्या. "माझ्या वॉर्डात," त्यांनी पुन्हा सुरू केलं. मागची माणसं उठून पुढं आली.

मी वायरीचं दुसरं टोक धरलं. "वहिनीला काय सांगणार?"

"तिनं तीन मिनिटं दिली तर सांगेन," भोंगा म्हणाला.