आईच्या कानामागची गाठ

वेणी घालताना आईच्या हाताला उजव्या कानामागे गाठ लागली. बोराएवढी असेल. तिनं माझं बोट तिथं नेऊन विचारलं, "तुला बी लागती का गं?" लागली.

त्या उन्हाळ्यात कवठ्याच्या आमच्या शेताच्या तुकड्यात मोगरा भरभरून आला होता. फुलं तोडायला येणाऱ्या बायकांना गाठीचं कळलं आणि जी ती वैद्य झाली. कुणी म्हणालं गालगुंड, कुणी म्हणालं शीर धरली, एकीनं तर बिब्बा तापवायची तयारी केली. घरातल्या काकूनं मात्र आत्याचं नाव काढलं. माझी आत्या गंडमाळेनं गेली होती. आधी मानेवर गाठी, मग क्षय छातीत उतरला. तिचं सगळं दुखणं आईनंच काढलं होतं.

आईनं कुणालाही न विचारता स्वतःचं ताट-तांब्या वेगळा केला. धाकटा भाऊ सहा महिन्यांचा, अंगावर पिणारा. त्याला तिनं काकूच्या मांडीवर दिलं आणि दूध आटावं म्हणून आमच्याच शेतातला मोगरा छातीला बांधला. रोज सुकलेली फुलं काढायची, ताजी बांधायची. पलीकडच्या खोलीत तो रडायला लागला की ती भिंतीकडे तोंड करून बसे. मला तिचा भयंकर राग यायचा. आता मी स्वतः आई झाल्यावर कळतं, एवढा जीव घट्ट करणं मला जमलं नसतं.

वडील दौंडला रेल्वेत. सुट्टीला आले, ऐकलं आणि तडकलेच. "डॉक्टरच्या आधी तूच निकाल लावलास व्हय?" दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन ते दौंडच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी मान चाचपली, कानात पाहिलं, ताप-खोकल्याचं विचारलं. मग डोक्यावरचा पदर काढायला सांगून केस बाजूला केले. आत पिकलेला केसतोड होता.

"हे कधीपासून?"

"त्ये व्हय? उन्हाळ्यात व्हतंच की," आई म्हणाली.

"त्यानंच गाठ सुजलीय. क्षयाचं काही दिसत नाही मला. फोड बरा झाला की उतरेल. नाहीच उतरली तर मात्र परत या."

वडील हसले, मीही हसले. डॉक्टर औषध लिहायला बसले आणि मान वर न करता म्हणाले, "बाळ अंगावर पितं का? तसं औषध देतो."

पदर सावरणारा आईचा हात थांबला. "पीत व्हतं," ती म्हणाली आणि परक्या माणसासमोर हमसून हमसून रडायला लागली.

गाठ उतरली. आई त्यानंतर कितीतरी दिवस भावाला पदराखाली घेऊन बसायची. तो जरा वेळ तोंड लावायचा, मग चिडून रडायचा. काकू शेळीच्या दुधाची वाटी तिच्या हातात द्यायची.