मरळीची पिल्लं

लेकीला डोहाळे लागलेत, म्हणून आज मरळ तळायला घेतली, आणि त्या वासानं मी चुडाव्याच्या ओढ्यावर पोचले.

तेव्हा हीच लेक माझ्या पोटात होती. माझ्यासाठी सासूबाईंनी गळानं मोठी मरळ काढली. तेवढ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला. त्यांनी मरळ अलगद सोडून दिली.

मी रडकुंडीला आले. "आत्याबाई, मला लय खावं वाटायलंय!"

"लेकरं राखायलीय ती. ती गेली तर दुसरे मासे त्यायला खाऊन टाकतेत." ओला हात माझ्या पोटावर ठेवून त्या म्हणाल्या, "ह्यालाबी उद्या मासा लागल का न्हाई?"

तो गार हात मी रागानं बाजूला सारला होता.

"आई," लेक ताटावरून विचारतेय, "अजून एक तुकडा हाय का?"