अप्पांचं पोटॅशियम

मी काय काम करते हे नातेवाइकांना समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. डॉक्टर आहे, पण पेशंट तपासत नाही. त्यांच्या रक्ताच्या नळ्या तपासते. आणि संशोधन म्हणून जे काही आयुष्यभर करत आले, ते नळी यंत्रात जाण्याच्या आधी होणाऱ्या घोळांवर. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, सुई नको तितकी बारीक निघाली, नळी भर उन्हात स्कूटरच्या डिकीतून आली, की आतला आकडा बिघडतो. यावर मी शोधनिबंध लिहिले. परिषदांमध्ये जेवणानंतरच्या सत्रात, अर्धं सभागृह डुलक्या घेत असताना, भाषणं दिली. साताऱ्याची माझी मावशी अजून विचारते, "म्हणजे तू स्वतःची प्रॅक्टिस कधी टाकणार?"

सासरी मात्र निराळंच. आमचं घर मैलापूरचं. सासरे तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी राजांच्या मागोमाग दक्षिणेत आले आणि येताना आणलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत घालून जपली. अप्पांच्या मते खरी मराठी तीच, साताऱ्याकडे आम्ही बोलतो ती नंतर बिघडलेली. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझं पहिलं वाक्य ऐकून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं होतं, "पोरगी चांगली आहे, पण ही कोणती भाषा बोलते की?" मी काय काम करते हे मात्र त्यांनी एका झटक्यात ओळखलं. "मणजे खोटे आकडे पकडणारी पोलीस," ते म्हणाले, आणि तेव्हापासून मला "इन्स्पेक्टर" म्हणू लागले.

तर अशा या पोलिसाच्या घरातच चोरी झाली. मार्गळी महिना तोंडावर आला होता. मार्गळी म्हणजे मैलापुरात सभांचा, म्हणजे गाण्याच्या मैफलींचा हंगाम. सकाळपासून कुठे ना कुठे गाणं असतं आणि अप्पा त्यातलं एकही सोडत नाहीत. त्याआधी वर्षाची तपासणी उरकून टाकू म्हणून त्यांनी आमच्या अड्यारच्या लॅबमध्ये रक्त दिलं, आणि पोटॅशियम आलं सहाच्या पुढे. निरोगी माणसाचं पाचच्या आसपास थांबतं. त्यापुढे फार वाढलं तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही.

किडनीच्या डॉक्टरांनी ताबडतोब ब्लड प्रेशरची गोळी बदलली आणि खाण्यावर नांगर फिरवला. शहाळं बंद. केळं बंद. टोमॅटो बंद, बटाटा बंद, शेवग्याच्या शेंगा बंद. भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं. सांबाराला चमचाभराची परवानगी मिळाली, तेव्हा अप्पा भडकले. सांबाराचा जन्म आमच्या राजांच्या मुदपाकखान्यात झाला यावर त्यांची श्रद्धा आहे, आणि तेच आता एका तमिळ डॉक्टरने तोडावं? "आमच्याच घरचें पोर, आणि आमासच भेटीस बंदी!" ते ताटाकडे बघत म्हणाले.

आम्ही हसलो, पण अप्पा खरंच वाळायला लागले. शर्ट खांद्यावरून ओघळू लागला. दुसऱ्यांदा रक्त दिलं, आकडा तसाच. मला पहिल्यापासून संशय होता, कारण त्यांचा ईसीजी साफ होता, किडनीचे बाकीचे आकडे वयाला शोभतील असे होते. म्हणून मी एकेक संशयित बोलावला. पेशी फुटल्या असत्या तर वरचं पाणी गुलाबी दिसलं असतं. ते छान फिकं पिवळं होतं. नळी रेंगाळली म्हणावं तर ती खालच्या मजल्यावरून लिफ्टने वर आली होती. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं पोटॅशियमवालं औषध चुकून मिसळलं म्हणावं, तर मग कॅल्शियम कोसळायला हवं होतं, तेही जागेवर. मी नमुना दुसऱ्या लॅबला नाही, खुद्द अप्पांनाच दुसऱ्या लॅबला पाठवलं. तिथेही सहाच्या पुढे.

"सेन्सर बदलून बघ," ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात असलेल्या माझ्या नवऱ्याने सुचवलं. दोन लॅबचे सेन्सर एकाच माणसाच्या बाबतीत कसे बिघडतील, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मग माणूस बदल." नेहमी तो असं काही म्हणतो तेव्हा मी उशी फेकते. त्या दिवशी मला फेकावीशी वाटली नाही. कारण डॉक्टरांनी आता सांगितलं होतं की आणखी एकदा असाच आकडा आला तर अप्पांना ऍडमिट करायचं, आणि पुढची तयारी ठेवायची. पुढची म्हणजे कसली, हे त्यांनी अप्पांसमोर सांगितलं नाही. अप्पांनी मात्र घरी येऊन पंखा लावला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डायलिसिस. तें न बोलतां राहिलें, मणजे तेंच."

आता वाचणाऱ्याला वाटेल, बाई एवढी या विषयातली तज्ज्ञ, तर तिने सासऱ्यांचं रक्त काढताना एकदा शेजारी उभं का राहू नये? त्याला कारण अप्पा. सुनेसमोर बाही वर करून दंडाला पट्टा बांधून बसणं त्यांच्या मर्यादेत बसत नव्हतं. मला लॅबच्या दारातूनच "इन्स्पेक्टर, तू वर जा" असा हुकूम व्हायचा. मी जायची. इतक्या वर्षांत मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते, आणि त्यांनाही मी कधी हात धरून रस्ता ओलांडायला मदत केली नव्हती. आमच्याकडे सासरे आणि सून यांच्यात इतकं अंतर असतंच.

आमच्या लॅबमध्ये तिसऱ्या वेळी हुकूम झाला, मी जिन्याकडे वळले, आणि चार पायऱ्या चढून मुकाट्याने परत आले. रक्त काढण्याच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. अप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. दंडावर पट्टा आवळलेला, हात लांब केलेला, आणि रक्त घेणारी मुलगी शीर शोधत होती. अप्पांच्या शिरा म्हणजे कॉर्पोरेशनच्या पाइपलाइनी, आहेत म्हणतात पण सापडत नाहीत. आणि त्या लांब केलेल्या हाताची मूठ मिटत होती, उघडत होती, मिटत होती, उघडत होती. करंगळी, अनामिका, मधलं बोट एकेक करून दाबलं जात होतं, मग परत मूठ.

अप्पा ताल धरून होते. मांडीवर थाप मारायची सोय नव्हती, म्हणून सगळं आवर्तन मुठीतल्या मुठीत चाललं होतं. सभेत त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला त्यांच्या हाताची सवय असते. इथे त्या मुलीला वाटलं होतं, थाथा, म्हणजे आजोबा, शीर वर आणायला मदत करतायत.

पट्टा आवळलेला असताना मूठ सारखी उघडमीट केली की कामाला लागलेल्या स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पट्ट्याखाली अडकलेल्या रक्तात साचतं. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. मैलापूरच्या रसिकाच्या हातून ते कसं होईल, हे मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

"थांब," मी त्या मुलीला म्हणाले. अप्पांनी डोळे उघडले आणि बाही खाली ओढायची धडपड केली.

"बाहेर जा, बाळ."

"नाही जात. अप्पा, ताल बंद करा."

"कोणता ताळम?" त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं. त्यांना खरोखरच पत्ता नव्हता.

मी पट्टा सोडायला लावला, त्यांना जरा वेळ नुसतं बसवलं. मग पट्ट्याशिवाय, सावकाश रक्त काढायचं ठरलं. पण सुई जवळ आली की बोटं पुन्हा चालू. तोंडाने ते "नाही धरत, नाही धरत" म्हणत होते आणि बोटं इमानदारीने आवर्तन पुरं करत होती. शेवटी मी त्यांची बोटं माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरली. मी मोठ्याने हसणार होते, तेवढ्यात ताल थांबला आणि मला तो हात कापताना जाणवला. चांगलाच कापत होता. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"ताळम धरलें तर कापत नाही," अप्पा हळूच म्हणाले. "सरि, काढ आतां."

आकडा आला साडेचारच्या जरा आत. मी जिना धावत उतरले. खाली येऊन सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं ते आधी शहाळं मागतील, नाहीतर सांबार. त्यांनी काहीच मागितलं नाही. उलट त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"मग अण्णाचें?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. माझ्या लग्नाआधीच डायलिसिसवर असताना गेले. त्यांच्याविषयी अप्पांच्या तोंडून मी त्याआधी कधी काही ऐकलंच नव्हतं.

"त्यासही असाच आकडा आला होता. तो नको म्हणाला. मीच त्यास नेऊन घातला हॉस्पिटलांत. तोही माझ्यासारखाच ताळम धरायचा." त्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. "तेंही खोटें असेल, तर?"

अण्णांची हकीगत मला नवऱ्याने सांगितली होती. पायांवर सूज, चालवत नसे, रात्री आडवं होता येत नसे, शेवटी लघवी थांबलेली. कुठल्याही तालाने असं होत नाही. आयुष्यभर खोटे आकडे शोधून काढण्यात मला फार आनंद मिळाला होता. त्या खुर्चीशेजारी उभी असताना मला पहिल्यांदाच एक आकडा खरा असल्याचं हायसं वाटलं.

"नाही अप्पा," मी म्हणाले. "त्यांचा खरा होता. तुम्ही नेलंत ते बरोबरच केलंत."

"नक्की?"

"नक्की."

अप्पा, सगळ्या लॅबसमोर, मोठ्याने रडले.